मंगळवार, रात्री नऊ

गंध उगाळून तास उलटला होता आणि वाटीच्या काठाला ते वाळत चालले होते. रविराजला जाऊन आज तेरा दिवस झाले. बाहेर मांडवात बागलाणातून आलेली भावकी सतरंज्यांवर बसली होती. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिले होते. तरीही कोणी घाई करीत नव्हते, कारण निकमांच्या घरात सुतक उठते ते घरच्या लेकीच्या हाताने. लेकीने आईबापाच्या कपाळाला गंध लावायचे, त्यानंतरच गोडाचा घास, आणि त्यानंतरच पाहुण्यांनी आपापल्या गावचा रस्ता धरायचा.

रावजी निकमांना पोटची मुलगी नव्हती. दोन मुलगे होते, आणि त्यांतला थोरला आता भिंतीवर हार घालून टांगला होता. या घराची लेक म्हणजे धाकट्या भावाची, वाल्मीकची, हर्षाली. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली आणि त्या दिवसापासून चंद्रभागाबाईंनी तिला रविराजच्या ताटात जेवू घातले. तेव्हापासून ती त्यांना मोठी आई म्हणत आली.

ती आज सकाळी दिल्लीहून नाशिकरोडला उतरली आणि रिक्षा करून सरळ गंगापूर रोडवर आली. अंत्ययात्रेला ती नव्हती. दहाव्यालाही नव्हती. तिच्या ओठांवर अजून बर्फाने फुटलेल्या चिरा होत्या आणि नाकाची कातडी सोलून निघाली होती. मधल्या खोलीत येऊन तिने वाटी उचलली, गुडघे टेकले, अनामिका गंधात बुडवली.

चंद्रभागाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले.

"हिच्या हातचं मला नको," त्या म्हणाल्या.

हर्षालीचा हात हवेत थांबला. दारात उभ्या असलेल्या रावजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. हा त्यांचा एकूण बोलण्याचा प्रकार होता.

"मोठी आई, मी बोलू का?"

"बोलायचं काम तुझंच. तुला कोण अडवणार?"

भिंतीचा रंग चंद्रभागाबाईंच्या डोळ्यांपुढे होता आणि त्या रंगावर तो मंगळवार पुन्हा एकदा उजाडत होता. आदल्या रात्री तिचाच फोन आला होता. कुठल्याशा सॅटेलाइट फोनवरून, विहिरीत बोलल्यासारखा आवाज. मोठी आई, उद्या रात्री नऊच्या बातम्या लाव. रवी आहे. माझ्याशी बोललाय. बस्, इतकेच. मंगळवारी सकाळपासून त्यांनी गल्लीभर सांगितले. सुनीलने टीव्ही ओढून ओसरीवर आणला. शेजारच्यांनी खुर्च्या आणल्या, पोरे पायऱ्यांवर बसली. आणि नऊ वाजता तोफेच्या चाकाला टेकलेला रविराज दिसला. दाढी वाढलेली, टोपी कानांवरून ओढलेली. हिंदीत त्याने दोन वाक्ये जुळवून म्हटली, आणि मग कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या बहिणीकडे बघून हसला, म्हणाला, आई, जेवण मिळतंय बरं का, उगीच काळजी करत बसू नको. गल्लीने टाळ्या वाजवल्या. चंद्रभागाबाईंनी पडद्यावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलांवर बोटे मोडली. लेकाला दृष्ट लागू नये म्हणून. त्यानंतर पेढ्यांचे ताट घेऊन त्या स्वतः दारोदार फिरल्या होत्या, सगळ्या गल्लीत, चप्पल न घालता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लष्कराची जीप आली. तेव्हा कळले की रविराज मंगळवारी पहाटेच गेला होता. ज्याची दृष्ट काढली, त्याला त्या वेळी मरून सतरा तास झाले होते.

"मेलेल्या लेकाचे पेढे वाटले मी," भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या. "लोकांनी खाल्ले. वरून म्हणाले, मावशी, अजून एक द्या."

*

वाल्मीक निकमांना हे सहन होईना. हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवलेला माणूस, पण स्वतःच्या घरात त्यांनी एकच इतिहास जतन केला होता: हर्षालीची कात्रणे. तिच्या टीव्ही वाहिनीने युद्धाच्या बातम्या द्यायला धाडलेली ती पहिलीच बाई. वर बायकांची सोय नाही म्हणून अधिकाऱ्यांनी तिला तीन वेळा परत पाठवले आणि चौथ्या वेळी ती दारूगोळ्याच्या ट्रकमधून गेली, हा प्रसंग त्यांनी इतक्यांदा सांगितला होता की आता त्यांना तो ट्रकही आठवत असे.

"वहिनी, पोरीवर अन्याय होतोय," ते म्हणाले. "फोन केला तो सोमवारी. तेव्हा रवी होता. दुसऱ्या दिवशी ही एका डोंगरावर, तो दुसऱ्यावर. तिथं कुणाला काय कळतं? टेप आधीच दिल्लीला गेलेली, दिल्लीवाल्यांनी लावली. हिला बिचारीला तुमच्यानंतर कळलं. मी हे तेरा दिवस प्रत्येकाला सांगतोय."

"तेच म्हणतोय मी, अण्णा," दारातून आवाज आला. "तुम्ही तेरा दिवस सांगताय."

सुनील आत आला. धाकटा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा, वडिलांचे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकान आता तोच बघत असे. दाढीमिशा उतरवलेल्या, डोक्याचा तुळतुळीत गोटा. हर्षालीकडे त्याने पाहिले ते एखाद्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे.

"या मॅडम. वेळ मिळाला? दादाला ओझरच्या विमानतळावरून आणला तेव्हा अख्खं नाशिक रस्त्यावर होतं. तू तेव्हाही होतीस म्हणा. टीव्हीवर."

"सुन्या, नीट बोल. मोठी आहे ती तुझ्याहून," वाल्मीक म्हणाले.

"नीटच बोलतो." त्याने सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "काल पोस्टानं आलंय. दादाच्या मेजरसाहेबांचं. हिंदीत आहे, मी मराठीत सांगतो. लिहिलंय की तुमचा मुलगा शूर होता, तोफखान्याला त्याचा अभिमान आहे. ते सगळं आहेच. आणि खाली लिहिलंय, मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याला खाली आणलं, त्या वेळी त्याची बहीण तिथं हजर होती. तिनं फार धीरानं घेतलं, एवढ्याबद्दल आपल्या घराण्याला नमस्कार." घडी त्याने परत घातली. "धीरानं घेतलं म्हणे."

वाल्मीकांनी हात पुढे केला. पत्र मागण्यासाठी की सुनीलला अडवण्यासाठी, हे त्यांचे त्यांनाही समजले नाही.

"साहेबांची तारखेत चूक झाली असेल," ते म्हणाले. "युद्धात तारखा..."

"अण्णा," हर्षाली म्हणाली, "चूक नाही."

*

तिने वाटी खाली ठेवली. गेले तेरा दिवस ती या प्रश्नाची वाट पाहत होती, आणि प्रश्न आला तेव्हा तिला जे वाटले ते भय नव्हते. राग होता. तो कोणावर, हे तिला ठरवता येत नव्हते. तिथे वर, जिथे दगडसुद्धा रात्रीतून फुटत, तिने तीन आठवडे दुसऱ्यांच्या मुलांची मरणे मोजून वाक्यांत बसवली होती. एका वाक्यात तेरा शब्द, त्याहून अधिक झाले की दिल्लीचा संपादक कापत असे. कोणाच्या तरी ओसरीवर ती वाक्ये पोहोचत असतील, हे तिला ठाऊक होते. पण ती ओसरी कायम दुसऱ्या कोणाची तरी होती.

"मला सकाळी दहाला कळलं," ती म्हणाली. "स्ट्रेचर खाली आलं तेव्हा मी रस्त्यावर उभी होते. पायांवरून ओळखलं मी त्याला. मेजरसाहेब म्हणाले, घरी सरकारी निरोप पोहोचेपर्यंत तुमच्या तोंडून नाव जाता कामा नये. तो नियम आहे आणि तो बरोबर आहे. बाराला दिल्लीहून फोन आला. संपादक म्हणाले, तो हसणारा तोपची आज नऊला घेतोय, काही बदल आहे का? त्यांना माहीत नव्हतं तो माझा कोण, आणि तो आहे की नाही."

"आणि तू काय म्हणालीस?" सुनीलने विचारले.

"नाही म्हणाले. काही बदल नाही."

मांडवातल्या कोणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला. रावजींनी मधले दार ओढून घेतले.

"काढून टाका म्हणाली असतीस तर?" सुनील म्हणाला. "कारण न देता. तेवढं तुझं वजन होतं ना तिथं?"

"होतं."

"मग?"

"मग मला वाटलं, मोठी आई त्याला एकदा बघेल. हसताना. त्यानंतर तो तसा कधी दिसणार नव्हता, कारण मी त्याला बघितलं होतं." ती थांबली. "आणि ती माझी सगळ्यात चांगली बातमी होती, सुनील. हेही खरं आहे. त्यातलं कुठलं आधी मनात आलं, ते मला सांगता यायचं नाही. मी फार प्रयत्न केला आठवायचा."

वाल्मीक पलंगाच्या कडेवर बसले. तेरा दिवसांत त्यांनी किती जणांची तोंडे बंद केली होती. ती सगळी तोंडे आता उघडलेली त्यांना दिसू लागली.

"मला तरी सांगायचंस," ते म्हणाले. "मी बाप आहे. जगाला ओरडून सांगत होतो की माझ्या पोरीला माहीत नव्हतं. खोटं पाडलंस मला."

"तुम्ही मला विचारलं कुठं, अण्णा? तुम्ही सांगत सुटलात."

"दहाव्याला का आली नाहीस मग? ते पण कुणाच्या भल्यासाठी?"

"मला तोंड नव्हतं म्हणून."

"टीव्हीवर होतं की."

हे बोलले आणि वाल्मीकांनी मान खाली घातली. लेकीच्या विरुद्ध उभे राहून त्यांनी उच्चारलेले हे पहिलेच वाक्य होते, आणि ते इतक्या सहज आले होते की त्यांना स्वतःची भीती वाटली.

"झालं आता," रावजी प्रथमच बोलले. "बाहेर माणसं ताटकळलीत. गुरुजींना दुसरीकडं जायचंय. चंद्रभागा, कपाळ पुढं कर. पोरी, लाव गंध. भांडण उद्या करा."

"मी नाय करणार," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"अगं पण मग सुतक..."

"ऱ्हाऊ द्या. तुमचं उठतंय का बघा. माझं नाय उठत."

*

आशा कोपऱ्यात तांदळाच्या कोठीला टेकून बसली होती. रविराजची बायको, चोवीस वर्षांची, देवळाली कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये राहणारी; घरात तिला तेरा दिवस उठवत होते, बसवत होते, जेवायला घालत होते. तिच्यासमोर बोलताना सगळे आवाज खाली आणीत आणि म्हणून तिच्याशी कोणी बोलतच नसे.

"ताईला एकटीला धरू नका," ती म्हणाली.

"वहिनी, तू यात पडू नकोस," सुनील म्हणाला. "तुला त्रास होईल."

"होऊन गेला तो. सुनीलभाऊ, निरोप पहिला कुणाला येतो? आईवडलांना?"

सुनील तिच्याकडे बघत राहिला.

"बायकोला येतो," आशा म्हणाली. "कागदावर तिचं नाव असतं. मला मंगळवारी दुपारी चारला आला. दोन साहेब आले होते, एकाची बायको सोबत होती. म्हणाले, गंगापूर रोडला आत्ताच गाडी पाठवतो. मी त्यांच्यापुढं हात जोडले. म्हटलं, आज रात्री हे टीव्हीवर येणार आहेत, सासूबाईंनी सकाळपासून गल्लीला सांगून ठेवलंय. उद्या जा. ते तयार नव्हते. मी पाय धरले त्यांचे."

 मागे स्वयंपाकघरातल्या बायकांचे हात थांबले असावेत. भांड्यांचा आवाजही बंद झाला.

"रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी मी तुला फोन केला," सुनील सावकाश म्हणाला. "तुझ्या शेजारच्या सुभेदारांच्या घरी. त्यांनी तुला बोलावलं. मी विचारलं, वहिनी, बघितलंस का?"

"हो."

"तू म्हणालीस, छान दिसले."

"दिसलेच छान." आशाचा आवाज वर चढला तो रडण्याकडे नव्हे. "मी बघितलं ना. सगळं माहीत असून बघितलं. हे हसले, जेवण मिळतंय म्हणाले, आणि शेजारची बाई माझा हात धरून बसली होती. तुम्हाला राग यायला पेढे तरी आहेत. मला काय आहे? तेरा दिवसांत एकानं विचारलं नाही की आशा, तुला केव्हा कळलं. तुम्ही सगळ्यांनी धरूनच चाललात की घराला कळलं तेव्हा मला कळलं. मी या घराच्या आधी विधवा झाले, पंधरा तास आधी. ते पंधरा तास कुणी मोजले नाहीत."

रावजी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. हर्षालीने आशाकडे पाहिले. एकीने द्रासमधून आणि दुसरीने देवळालीतून, एकमेकींना काही न सांगता, त्या एकाच रात्रीभोवती हात धरले होते. तिला वाटले, आता मोठी आई रडेल, आणि ती रडली की सगळे सुटेल.

*

चंद्रभागाबाई रडल्या नाहीत. त्यांनी तोंड भिंतीकडून फिरवले आणि दोघींकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका स्वच्छ संताप होता की सुनील एक पाऊल मागे सरला.

"तू तिकडनं," त्या म्हणाल्या, "आन तू इकडनं. मधी मी, ताट घेऊन. मी मागितली होती का गं ती रात्र? तुम्हाला कुणी सांगितलं, मला ती पाहिजे म्हणून?"

"आई, मला वाटलं..."

"तुला वाटलं. हिला वाटलं. यांना वाटलं." हात त्यांनी रावजींकडे केला. "साऱ्यांना काय काय वाटतं. मी काय पाळण्यातलं पोर हाय? माझा सासरा माझ्या मांडीवर गेला. हिची आई माझ्या हातात गेली, तिचं तोंड मी मिटलं, तिचे डोळे मी झाकले. मला मरण ठाऊक नाय? मना पोऱ्या, माझा लेक गेला तर मला त्याच घडीला रडायचं होतं. तो जमिनीवर पडला त्या दिवशी मला जमिनीवर पडायचं होतं. तुम्ही मला त्या दिवशी हसवलं. त्याच्या मरणाच्या दिवशी त्याची आई हसली, असं झालं ना आता? ते पुसता येतं का कुणाला?"

"नाही," हर्षाली म्हणाली.

"तुझं काम काय गं? सांग की. तीस वर्षांची झालीस, लगीन नाय केलं, घर नाय केलं, म्हणे काम मोठं हाय. मी कधी बोलले का? भावकी बोलली, मी त्यांना गप केलं. ते काम काय?"

"बातमी देणं."

"अख्ख्या मुलखाला दिलीस. आन मला गोष्ट सांगितलीस. लहान पोरांना झोपताना सांगतात तशी."

 तीन आठवड्यांत हर्षालीवर गोळे पडले होते, तिला अधिकाऱ्यांनी शिव्या घातल्या होत्या, आणि यांतले काहीही इतके अचूक नव्हते.

"तेरा दिवस झाले," चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता उतरला होता, पण राग तसाच होता, राखेखालच्या निखाऱ्यासारखा नव्हे, उघड्यावर जळणाऱ्या लाकडासारखा. "साहेब आले, ते म्हणाले वीरगती. नगरसेवक आले, ते म्हणाले अमर झाला. शाळेची पोरं आली, गाणं म्हणून गेली. समदे मला मोठमोठे शब्द देऊन राह्यले. माझं पोरगं मेलं कसं, ते एकानं सांगितलं नाय. त्याला आणलेली पेटी उघडून दिली नाय. तू बघितलंस. बस इथं. सांग."

"चंद्रभागा," रावजी म्हणाले, "आता कशाला ते? ऐकून काय हाती लागणार? मला नाही ऐकवणार."

"मग तुम्ही मांडवात बसा."

रावजी उठले नाहीत.

"सुनील, गुरुजींना सांग, आज व्हायचं नाय. पाहुण्यांना जेवायला वाढा. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"आई, लोक काय..."

"जा."

सुनील गेला. दार त्याने अर्धवट उघडे ठेवले तेव्हा मांडवातली कुजबूज आत आली, आणि मग कोणीतरी ते बाहेरून लावून घेतले. आशा कोठीजवळून सरकत सासूच्या शेजारी येऊन बसली. चंद्रभागाबाईंनी तिला जवळ घेतले नाही, दूरही केले नाही.

हर्षाली मांडी घालून समोर बसली. तिने पाठ सरळ केली. हे तिच्या नकळत झाले. कॅमेऱ्यासमोर उभी राहताना ती असाच श्वास घेत असे.

"मंगळवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी समोरच्या शिखरावरून गोळाबारी सुरू झाली," ती म्हणाली. "तोफेपासून पंधरा पावलांवर एक गोळा पडला. रवी दारूगोळ्याच्या पेट्यांकडे चालला होता. तुकडा लागला. त्याला काही कळलंच नसेल, मोठी आई, एका क्षणात..."

"तू होतीस तिथं?"

"नाही. त्याच्या तोफेवरच्या पोरांनी सांगितलं."

"पोरं असं म्हणाली? कळलं नसेल म्हणून?"

वाल्मीकांनी लेकीकडे पाहिले. नको, असे त्यांचे डोळे म्हणत होते.

"नाही," हर्षाली म्हणाली. "तसं नाही म्हणाली."

"मग ती काय म्हणाली ते सांग."

"वीस मिनिटं होता. पोटात लागलं होतं. शुद्धीवर होता. पाणी मागत होता." तिचा आवाज आता बातमीचा राहिला नव्हता. "पोटात लागलं की पाणी देत नाहीत. त्यांनी दिलं नाही. त्यानं पुष्कळदा मागितलं."

आशाच्या तोंडून एक आवाज निघाला. रावजींनी टोपी काढून तोंडावर धरली.

चंद्रभागाबाईंनी डोळे मिटले नाहीत.

"पुढं," त्या म्हणाल्या.